घरी बसायची ऐपत

२३ मार्च २०२०

क्लास बंद! निकेश सरांनी दुपारी ग्रुपवर टाकलं — ‘पुढील सूचनेपर्यंत.’ संपलं. कामोठ्यातला अख्खा क्लास दोन शब्दांत गुंडाळला. ‘काळजी घ्या’ एवढं लिहायला या माणसाला काय धाड भरली होती? शब्दांतही चिकट.

कॉलेज मागच्याच आठवड्यात बंद झालं. कॉलेजात मी तासावर, क्लासमध्येही तासावर, आणि आता तासच नाहीत. बारावीला अर्थशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे समजायला वेळ लागत नाही.

आई मात्र जमिनीवर बसून सुपाऱ्या मांडत होती. नऊ. लग्नघरातून बोलावणं आलं की धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणाऱ्या धवलारणीच्या हातात सुपारी ठेवतात. सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला. यंदा अक्षय तृतीयेपासून पुढे नऊ घरं. आमच्या आगऱ्यांत भटजी उशिरा आला तर एक वेळ चालतं, पण धवलारणीने देवांना नावं घेऊन घेऊन बोलावल्याशिवाय हळद लागत नाही. आजीकडून आईकडे आलं. माझ्याकडे यायचं होतं, मी एम.ए. केलं.

“आई, लग्नं होणार नाहीत आता.”

“लग्नं कोन थांबवनार? देव काय घरात बसलेत?”

२५ मार्च

गुढी उभारली. गाठी मिळाल्या नाहीत. सुकापूरचा रस्ता इतका रिकामा मी कधी पाहिला नव्हता — बाल्कनीत उभं राहून उगाच रिक्षा शोधत राहिले. आईला साखर आहे, वय एकसष्ट. टीव्हीवर सांगतात तशी सगळी लक्षणं— म्हणजे लक्षणं नव्हेत, कारणं. सगळी कारणं आमच्या घरात हजर आहेत.

५ एप्रिल

निकेश सरांचा फोन. “मॅडम, ऑनलाइन चालू करू या. मुलं तुटायला नकोत. पगाराचं पुढे बघू.” पुढे म्हणजे कधी? “बघू ना, परिस्थिती तुम्ही जाणताच.” मी जाणते! मीच तर शिकवते!

फोन ठेवला तर आई दारात. “काय म्हंतो सर?”

म्हटलं, “पगार चालू ठेवतायत. घरी बसून.”

का बोलले? कारण मी आईला ओळखते. पगार बंद झाला असं कळलं तर ती उद्या सकाळी पदर खोचून बाहेर पडेल. शब्द दिलाय, सुपारी घेतलीय, हे सगळं वर आहेच. ती घरात राहायला हवी. त्यासाठी एक खोटं स्वस्त आहे.

वर जोडलं — “चांगला माणूस आहे गं निकेश सर.”

आई नुसती “बरा हाय” म्हणाली.

१२ एप्रिल

कल्पेशचा व्हिडिओ कॉल. धाकटा हॅम्बुर्गला एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे, चार वर्षं झाली. तिथेही हॉटेल बंद. मी वाईट बातमीच्या तयारीने फोन उचलला, तर साहेब पाव भाजत होते! स्वतःच्या घरी, मजेसाठी!

“ताई, साठ टक्के पगार सरकार देतं. घरी बसायचं. हॉटेलनं कुणाला काढायचं नाही, परत उघडलं की आम्ही हजर.”

आईला हे काही केल्या पटेना. “काम नाय, तरी पगार? त्यांचा शेठ येडा हाय काय?” मी समजावलं, शेठ नाही आई, सरकार. कामाचा धागा तुटू नये म्हणून. आईने थोडा विचार केला.

“म्हंजे सरकारनं त्याला न येन्याची सुपारी दिली.”

कल्पेश इतका हसला की त्याचा पाव करपला. मीही हसले. नंतर वाटलं, पाठ्यपुस्तकात चार पानं आहेत या विषयावर आणि एवढं नीट कुणी लिहिलेलं नाही.

कल्पेशने विचारलं, “तुझं कसं चाललंय?” म्हटलं, मस्त. पगार घरपोच. आई शेजारीच बसलेली, दुसरं काय बोलणार! आणि तशीही बोलले नसते. थोरली आहे मी.

२६ एप्रिल

अक्षय तृतीया. आज आईचे दोन लग्नांत धवले असायचे होते. दोन्ही पुढे ढकलली. आई दिवसभर सुपाऱ्यांच्या डब्याभोवती घुटमळत होती. परत करून टाक म्हटलं तर असं बघितलं माझ्याकडे!

“घेतलेली सुपारी परत करत नाय कोनी.”

“मग खाऊन टाक.”

तिने डबा पदराखाली घेतला.

८ मे

निकेश सरांची नवी टूम. क्लासच्या यूट्यूबवर मी व्याख्यान द्यायचं — ‘एकच विषाणू, मग देशादेशांचं नुकसान वेगळं का?’ फुकट अर्थात. “मॅडम, तुमचंच नाव होईल.” नाव! नावाची भाजी करतात का आळण? आईसमोर मात्र म्हटलं, बघ, सर मला किती मान देतात. तोंड कडू झालं.

पण विषय सोडवत नाही. वाचत बसले. पर्यटनावर जगणारे देश पहिल्या फटक्यात आडवे. कुठे दवाखाने आधीच भरलेले. कुठे सरकारला जग आनंदाने कर्ज देतं, म्हणून ते घरी बसलेल्यांना पोसू शकतं. कुठे निम्मी माणसं लॅपटॉप उघडून घरून काम करतात. आणि काही ठिकाणी कामगाराचं नाव कुठेतरी लिहिलेलं आहे, म्हणून त्याला मदत कुठे पाठवायची ते कळतं.

प्रत्येक वाक्याला मान वर करून आईकडे बघत होते. ती चवळी निवडत होती. तिचं नाव कुठे लिहिलंय? रेशनकार्डावर. तिथेही ‘गृहिणी’. चाळीस वर्षं लग्नं लावतेय बाई, आणि गृहिणी!

१७ मे

आजचा दिवस लिहायलाच हवा. हसू की रडू.

पन्नास माणसांत लग्नाला परवानगी मिळाली आणि दिनानाथ काका दारात. हे बाबा होते तेव्हाचे त्यांचे मिठागरातले सोबती. आईच्या सुपाऱ्या हेच आणतात, स्कूटरवरून नेतात-आणतात. कोन गावात त्यांच्या पुतणीची, शांतीची हळद. आई निघाली! मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, फोनवरून गा. कल्पेशच्या देशात सगळे घरून काम करतात, तू पण कर. काकांना पटलं. आईला नाही, पण दोघांपुढे तिचं चाललं नाही.

संध्याकाळी चार वाजता मी फोन डब्याला टेकवून उभा केला. तिकडे कोनला पाटाजवळ दुसरा फोन. आईने डोकं झाकलं, डोळे मिटले आणि सुरू केलं. गावदेव आले, वेशीवरचे आले, एकेक करत घरच्या देवापर्यंत पोचली — आणि आवाज तुटला! नेमका कुलदैवताच्या नावावर. तिकडून नवरीची आत्या ओरडली, “आमचा देव नाय आला! देव बाहेरच र्‍हायला!” परत पहिल्यापासून. कारण मधूनच चालत नाही, एक राहिला की सगळ्यांना परत बोलवायचं. दुसऱ्यांदा गावदेवावरच रेंज गेली. तिसऱ्यांदा फोनमधून कुकरच्या शिट्ट्या. नवरी हळदीची वाटी समोर घेऊन तासभर ताटकळली. आत्या रडायला लागली.

मग स्कूटरचा आवाज. काका खाली उभे. आई उठली, चप्पल घातली.

“आई, मास्क!”

“देवाला दारात उभं र्‍हाऊन बोलवायचं असतं, बाय. फोनवर पावना पन येत नाय.”

रात्री आठला आली. मी आल्या आल्या आंघोळीला ढकलली. व्याख्यानाच्या टिपणात लिहिलं आहे — घरून होऊ शकणाऱ्या कामांचं प्रमाण प्रत्येक देशात वेगळं. खाली पेन्सिलने लिहिलं, धवले नाहीत.

१८ मे

तिला खोकला आला. पाण्याचा ठसका होता. माझा जीव अर्धा झाला.

२४ मे

परत गेली. आज मोठं भांडण. मी काय काय बोलले! मिरवायची हौस आहे, चार बायकांनी पाया पडलेलं आवडतं, शब्दाच्या नादात जीव घालवशील. शेवटचं बोलायला नको होतं.

ती साडीच्या निऱ्या नीट करत शांतपणे म्हणाली, “घरी बसायची पन ऐपत लागते.”

“आहे ना आपली ऐपत! माझा पगार चालू आहे!”

जीभ जराही अडखळली नाही. सराव झालाय.

आई गेली. येताना नेहमीसारखं धवलारणीचं मानाचं घेऊन आली — तांदूळ, नारळ, साडी, पाकीट. पाकीट तिने देव्हाऱ्यात ठेवलं. तांदूळ मी शिजवला. जुना, वासाचा होता. पोटभर जेवले. जेवताना लाज वाटली आणि तरीही दुसऱ्यांदा वाढून घेतला.

३ जून

वादळ. वीज नाही. समोरच्या चाळीचे पत्रे उडाले. आई शांत, मी बाथरूममध्ये रडून आले.

१२ जून

व्याख्यान झालं. थेट घेतलं, चौऱ्याहत्तर जण होते. मी कल्पेशचं उदाहरण दिलं — माझा भाऊ हॅम्बुर्गमध्ये घरी बसलाय, साठ टक्के पगार घेतोय, त्याच्या देशाला पुन्हा उभं राहायला सोपं जाईल कारण माणसं आपापल्या कामाला बांधलेली राहिली. ‘न येण्याची सुपारी’ हेही सांगितलं. सगळ्यांनी हसण्याचे चेहरे पाठवले. मला बरं वाटलं.

मग हेतलने हात वर केला. बारावीची, वडिलांचं नवीन पनवेलला कापडाचं दुकान. “मॅम, पण साठ टक्के कशाचे काढणार? आमच्या दुकानात दोघं जण आहेत, त्यांचा पगार कुठेच लिहिलेला नाही. पप्पा त्यांना थोडे देतात. मग त्यांचं नुकसान कुठे मोजतात?”

म्हटलं, मोजत नाहीत. ते आकड्यात येत नाही.

“मग जातं कुठे, मॅम?”

मी म्हटलं, चांगला प्रश्न आहे, पुढच्या वेळी बोलू. मास्तरकीतली सगळ्यात जुनी पळवाट! खरं म्हणजे उत्तर मला येत नव्हतं. नुकसान तर झालंच. सरकारने उचललं नाही, शेठने उचललं नाही. मग कुणाच्या तरी अंगावर गेलं असणारच. हवेत तर विरत नाही.

निकेश सरांचा मेसेज: ‘छान झालं. व्ह्यूज वाढतायत.’ आईला म्हटलं, सर खूश आहेत. देवमाणूस आहे.

आईने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

१९ जून

सहा लग्नं उरकली, डब्यात आता तीन सुपाऱ्या. आषाढीनंतर मुहूर्त नाहीत. म्हणजे अजून बारा दिवस. बारा दिवस फक्त! मी दिवस मोजतेय. कॉलेजकडून उत्तर आलं, तासिका सुरू झाल्यावर कळवू. दोन शाळांना अर्ज पाठवले. एका शाळेने कळवलं की त्यांनीच सहा जण कमी केलेत.

२३ जून

आज मी तिच्यासोबत गेले. म्हटलं, निदान नजर ठेवते. मांडवात पन्नास लिहिलेले, दीडशे आलेले. सगळ्यांचे मास्क हनुवटीवर. आईभोवती बायकांचा घोळका, धवल्याची ओळ झेलायला तोंडाजवळ तोंड. मी मागे ओढत होते, त्या मला हसत होत्या. “सोनाबायची पोर लय घाबरते!”

आणि तिचा आवाज! किती वर्षांनी मी पूर्ण ऐकला. एका दमात पाच पाच देव. मांडव गप्प झाला. भीतीने मेले होते मी, आणि अभिमानही वाटत होता, दोन्ही एकदम.

२९ जून

ताप.

१ जुलै

पॉझिटिव्ह. माझा स्वॅब निगेटिव्ह — का? एकाच ताटलीतलं खातो आम्ही. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, तोंडं दिसत नव्हती. आई त्यांना म्हणाली, “गरम होत असंल रे तुमाला.” ॲम्ब्युलन्समध्ये चढताना मागे वळून मला सांगितलं, तांदळाला ऊन दे, किडे होतील.

तांदळाला ऊन दिलं.

३ जुलै

पनवेल पुन्हा कडक बंद. ऑक्सिजन लावलाय म्हणतात. भेटू देत नाहीत, ते बरोबरच आहे. दिवसातून एकदा सिस्टरचा फोन. मी तो येईपर्यंत काही खात नाही.

कल्पेश रडतोय तिकडे. विमान नाही. “ताई, मी रिकामा बसलोय गं इथे आणि ती बाहेर जात होती? कशाला?” म्हटलं, सुपारीसाठी. शब्दासाठी. तुझी आई तुला माहीत नाही का? तो म्हणाला, “पगार असताना एवढा हट्ट?”

म्हटलं, सिस्टरचा फोन येतोय, ठेवते.

६ जुलै

ऑक्सिजन ९२. काल ८८ होता. इतके आकडे शिकवले आयुष्यात, एकाही आकड्याला असा नमस्कार केला नव्हता.

१० जुलै

ऑक्सिजन काढला! सिस्टर म्हणाल्या, बोलू नका सांगितलं तरी बोलतात हो तुमच्या आई. मी जोरात हसले. शेजारच्या वहिनी दार उघडून बघायला आल्या.

ठरवलं. ती घरी आली की पगाराचं खरं सांगायचं. चिडू दे. तिच्या हातचा मार खाईन. हेही सांगायचं की मी खोटं बोलले ते तिला घरात ठेवायला. आणि ती तरीही गेली, हा तिचा हट्ट. माझ्या बाजूने मी प्रयत्न केला. असं बोलायचं, अगदी मुद्देसूद.

१५ जुलै

आई घरी. दहा पावलं चालली की दम लागतो. दिनानाथ काका खालूनच हाका मारून गेले. डॉक्टरांनी सांगितलंय, फुप्फुसाला वेळ लागेल, मोठ्याने गाणं सध्या नाही. सध्या म्हणजे? ते नीट सांगत नाहीत. आईने एकदा हळूच गावदेवाचं नाव लावून पाहिलं, मधेच श्वास तुटला. तिने तोंड भिंतीकडे केलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवली.

आज नाही सांगवलं.

१७ जुलै

सांगितलं. पेज भरवताना. “आई, एप्रिलपासून मला पगार नाही. खोटं बोलले.”

“ठाव हाय,” म्हणाली.

“कुणी सांगितलं?”

“कोनी कशाला? पगार देत होता तवर तू त्या निकेश सराला रोज शिव्या घालायचीस. एप्रिलपासून देवमानूस झाला.” मग बराच वेळ दम घेत राहिली. मी म्हटलं, बोलू नको. तरी बोललीच. “सुपारीचं काय, बाय. देव थांबले असते. चूल नसती थांबली.”